स्क्रू आवळून स्टिअरिंगचा प्ले जात नाही

जुन्या पिकअपचं स्टिअरिंग ढिलं झालं की एकच सल्ला मिळतो: स्टिअरिंग बॉक्सवरचा (स्टिअरिंगचं वळण चाकांकडे पोचवणाऱ्या गिअरच्या पेटीवरचा) स्क्रू आवळा. पण तो फक्त बॉक्सच्या आतल्या दात्यांमधली फट कमी करतो. प्ले, म्हणजे हा ढिलेपणा, बऱ्याचदा बॉक्सच्या बाहेर असतो. बॉक्सपासून चाकांपर्यंत जाणाऱ्या दांड्यांच्या जॉइंटमध्ये: टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक नाहीतर आयडलर आर्ममध्ये. चाकं जमिनीवर ठेवून एकाने स्टिअरिंग जरासं डावं-उजवं हलवावं, दुसऱ्याने एकेका जॉइंटवर बोटं ठेवावीत. झिजलेला जॉइंट बोटाला लगेच 'खट्' जाणवतो. जॉइंटवरचं रबर बूट (आवरण) फाटून ग्रीसमध्ये माती गेली असेल तर फार विचार करू नका, जॉइंट बदलाच.

स्क्रू जास्त आवळला तर स्टिअरिंग मधोमध अडकतं, वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. हे ढिलेपणाहून वाईट! नव्या टाय रॉड एंडला स्प्लिट पिनही (नट सुटू न देणारी पिन) नवीच घाला आणि अलाइनमेंट करून घ्या.