डिस्प्ले आणायचा कुणी : बोर्डानं की कार्डानं?

लातूर, परभणी, नांदेड, कुठल्याही कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात तासभर बसलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "डिस्प्लेच येईना." पंखा फिरतोय, कीबोर्डचा दिवा लागतोय, मॉनिटर काळा. मग रॅम काढून खोडरबरनं घासायची, ब्रशनं धूळ झटकायची, सेल बदलायचा. आपल्याकडच्या धुळीत एवढ्यावर बरीच मशिनं उठून बसतात. अलीकडं मात्र एक नवीच भानगड येते. सेकंडहँड ग्राफिक कार्ड (मॉनिटरवर चित्र आणणारं) ठणठणीत, मदरबोर्ड कोरा करकरीत, आणि दोन्ही एकत्र आले की पडदा काळा. बिघडलेलं कुणीच नसतं.

१९८१ च्या मूळ पीसीत कार्डाला स्वतःची अक्कल नव्हती. मोनोक्रोम असो की रंगीत, ते चालू करायचा कोड बोर्डावरच्या बायोसमध्येच (मशीन सुरू करणाऱ्या, चिपमध्ये भरलेल्या प्रोग्रॅममध्येच) असे. कोणतं कार्ड बसवलंय हे कळावं म्हणून बोर्डावरचे दोन बारके स्विच हातानं खालीवर करायचे. या दोहोंपलीकडचं कार्ड कसं जागं करायचं, ते बायोसला ठाऊक नव्हतं.

१९८४ मध्ये ईजीए हे नवं कार्ड आलं ते स्वतःची रॉम, म्हणजे कोड कायमचा भरलेली चिप, घेऊन. आपल्याला उठवायचं कसं ते कार्डानंच सांगायचं, असं ठरलं, आणि आजची सगळी भांडणं याच ठरावापाशी येऊन थांबतात. रीत अशी : चालू होताना बोर्ड मेमरीतल्या सी०००० या पत्त्यापासून दर २ केबीवर डोकावत जातो. ५५ आणि एए (सोळाच्या अंकपद्धतीतले) असे दोन बाइट लागोपाठ दिसले की इथं रॉम आहे. तिसरा बाइट लांबी सांगतो, ५१२ बाइटच्या पटीत. सगळ्या बाइटांची बेरीज करून तिला २५६ नं भागायचं. बाकी शून्य उरली तर माल चोख. मग बायोस चौथ्या बाइटवर उडी मारतो आणि मशीन कार्डाच्या स्वाधीन करतो. कार्ड आपली चिप जागी करतं, मॉनिटरचे सिग्नल सुरू करतं, पडद्यासाठीची इंटरप्ट १०एच ही हाक स्वतःकडं वळवून घेतं आणि ताबा परत देतं. नव्वदच्या दशकातलं मशीन ज्यांनी वापरलंय त्यांना आठवेल, रॅमची मोजणी सुरू होण्याआधी वरच्या कोपऱ्यात कार्डाचं नाव आणि मेमरी क्षणभर झळकायची. ती ओळ बोर्डाची नव्हे, कार्डाची. आणि कार्ड उठलंच नाही तर सांगायला पडदा नसतो, म्हणून एक लांब, दोन आखूड बीप.

यात एक गंमत आहे. रॉम शोधायची ही सोय १९८१ च्या पहिल्या बोर्डांत नव्हतीच. ती ऑक्टोबर १९८२ च्या रॉममध्ये आली. म्हणजे नवं कार्ड जुन्या बोर्डावर चढवायचं तर आधी बोर्डावरची चिप बदला. आज दिशा उलटली, तिढा तोच.

१९८७ ला व्हीजीए हे पडद्याचं मानक आलं आणि सगळ्यांचं किमान माप ठरून गेलं. अक्षरांच्या मोडमध्ये ८० रकाने, २५ ओळी, प्रत्येक अक्षराला दोन बाइट : अख्खा पडदा ४,००० बाइटांत. अक्षरं कार्डच काढणार, तीही २५६ किंवा फार तर ५१२ साच्यांतून. आपली जोडाक्षरं त्यात बसणार कशी? डॉसवर देवनागरी दिसावी म्हणून जिस्ट हे भारतीय लिपींसाठीचं वेगळं कार्ड लावावं लागे. पुढं मोठ्या रिझोल्यूशनसाठी वेसा या संघटनेची पुरवणी १९८९ ला आली, १९९४ च्या आवृत्तीत सलग फ्रेमबफर (पडद्यावरचं चित्र ठेवायची मेमरी) मिळाला. यावर इतकंच.

कार्ड खोचायची पीसीआय ही जोडणी आल्यावर रॉममध्ये एकाहून अधिक कोड ठेवता येऊ लागले, प्रत्येकाला प्रकाराचा क्रमांक : ० म्हणजे पीसीचा जुना कोड, १ म्हणजे ओपन फर्मवेअर (पीसीबाहेरच्या काही मशिनांची सुरू व्हायची पद्धत), ३ म्हणजे ईएफआय (बायोसच्या जागी आलेली पद्धत). हे तीन आकडे लक्षात ठेवा. शून्य क्रमांकाचा कोड १६ बिटी, १९८१ च्या प्रोसेसरच्या बोलीतला. अल्फा या वेगळी बोली बोलणाऱ्या प्रोसेसरच्या सर्व्हरमध्ये पीसीचं कार्ड लावलं, तर निव्वळ ते कार्ड उठवायला फर्मवेअरमध्ये (मशिनीतच भरलेल्या कोडमध्ये) एक नकली पीसी प्रोसेसर चालवावा लागे. इतका तो कोड हट्टी.

बायोसच्या जागी यूईएफआय (ईएफआयचंच पुढचं रूप) आणायचं काम २००५ पासून एका उद्योगसंघाकडं गेलं. २००६ च्या आवृत्तीत पडद्यासाठी जीओपी आलं. जीओपीचा कारभार साधा : फ्रेमबफरचा पत्ता हा, रुंदी-उंची ही, रंगांचा क्रम असा, पुढं तुम्ही ठिपके भरा. १९२० गुणिले १०८० च्या पडद्याला ठिपक्यामागं ४ बाइट धरून ८२,९४,४०० बाइट. ऑपरेटिंग सिस्टिमनं ताबा घेतला की जीओपीला हाक मारता येत नाही, पण पत्ता चालू राहतो, आणि खरा ड्रायव्हर चढेपर्यंत त्याच पत्त्यावर काम भागवलं जातं.

आता जुन्या कार्डांचं काय? त्यांच्यासाठी सीएसएम हा दुभाष्या ठेवला. तो चालू असला की नवा बोर्ड शून्य क्रमांकाचा कोडही ऐकून घेतो. (दुकानात अजून "बायोसमध्ये जाऊन सीएसएम ऑन कर" असंच म्हणतात. बायोस राहिला नाही, नाव राहिलं.) २०१७ मध्ये प्रोसेसर बनवणाऱ्या एका बड्या कंपनीनं जाहीर केलं, की २०२० पर्यंत हा दुभाष्या बंद. कारणं खोटी नव्हती. जुन्या कोडवर बनवणाऱ्याची डिजिटल सही नसते, मशीन मात्र पूर्ण त्याच्या हातात जातं. सीएसएम चालू ठेवून सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड चालू देणारी सोय) चालत नाही. प्रत्येक बोर्ड दोनदा तपासावा लागतो. २०२१ ला विंडोज ११ नं यूईएफआय सक्तीचं केलं आणि वाद मिटल्यातच जमा झाला.

पण ही कारणं कुणाच्या सोयीची होती तेही बघायला हवं. साधारण २०१२ च्या आधीच्या बहुतेक कार्डांत तीन क्रमांकाचा कोडच नाही. नंतरची काही वर्षं दोन्ही कोड असलेली कार्डं निघाली, ती दोन्हीकडं चालतात. आधीची मात्र एका सेटिंगच्या जिवावर होती आणि नव्या बोर्डांत ते सेटिंगच गायब. सहीचा मुद्दा मान्य, पण धोका स्वीकारायचा की नाही हे मालकाला ठरवू दिलं असतं तर काय बिघडलं असतं? तालुक्याच्या गावी फोटो-स्टुडिओवाला किंवा डीटीपीवाला पुण्या-मुंबईहून उतरलेली कार्डंच घेतो. हा हिशेब त्या जाहीर घोषणेत कुठंच नव्हता.

प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर एक वाट उरते. केबल बोर्डाच्या पोर्टला लावायची, विंडोज उघडू द्यायचं. कधी कधी ड्रायव्हर चढला की तेच जुनं कार्ड मुकाट चालू होतं. असं ग्राफिक्स नसेल तर कार्ड तपासायलासुद्धा जुना बोर्ड लागतो. म्हणून जाणता मेकॅनिक फळीवर एक डीडीआर-३ रॅमचा जुना बोर्ड कॅबिनेटशिवाय उघडाच ठेवतो. गिऱ्हाइकासमोर कार्ड त्यात खोचतो, स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं दोन पिना टेकवतो, डिस्प्ले येतो. "बघा, कार्ड चांगलंय." गिऱ्हाईक म्हणतं, "मग माझा बोर्ड खराब का?"