चागस रोग : आरोग्यसेवकांचे प्रशिक्षण

ट्रिपॅनोसोमा क्रूझी या एकपेशीय परजीवीमुळे होणारा चागस रोग ओळखता यावा आणि त्याची तपासणी व उपचार वेळेत व्हावेत, यासाठी डॉक्टर, परिचारिका, सुईणी, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ व गावपातळीवरील आरोग्यसेवक यांना दिले जाणारे शिक्षण. हा रोग मूळचा अमेरिका खंडातला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांपासून अर्जेंटिनापर्यंत त्याचा वाहक कीटक आढळतो, तर स्थलांतरितांबरोबर हा रोग स्पेन, इटली, जपान अशा देशांतही पोचला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सुमारे ७० लाख लोकांना त्याची लागण असून दरवर्षी सुमारे १०,००० लोक त्याने दगावतात. अनेक देशांत बाधितांपैकी १० टक्क्यांचेही निदान होत नाही. रक्ततपासणी अवघड नाही आणि औषधे अर्ध्या शतकाहून अधिक काळापासून आहेत. तरीही घोडे अडते, कारण रुग्ण समोर बसलेला असताना डॉक्टरला या रोगाची आठवणच होत नाही.

शिकवायचे ते असे. ट्रायटोमिनी गटातला रक्तशोषक कीटक मातीच्या भिंतींच्या फटींत व गवती छपरात लपतो आणि रात्री झोपलेल्या माणसाचे, बहुधा चेहऱ्याजवळचे, रक्त पितो. परजीवी त्याच्या लाळेत नसतो, विष्ठेत असतो. कीटक रक्त पिताना किंवा पिऊन झाल्यावर तिथेच विष्ठा टाकतो आणि माणूस झोपेत खाजवतो, तेव्हा ती जखमेत किंवा डोळ्यात जाते. याशिवाय दूषित रस किंवा अन्न, रक्तसंक्रमण, अवयवरोपण आणि गर्भवतीकडून बाळाला, अशा वाटांनीही लागण होते. पहिले दोन महिने तीव्र अवस्थेचे. त्यांत ताप, गाठी, अंगदुखी असते किंवा काहीच नसते. त्यानंतर परजीवी रक्तातून जवळपास दिसेनासा होतो आणि हृदयाच्या व पचनमार्गाच्या स्नायूंत ठाण मांडतो. पुढची दहा, वीस, तीस वर्षे माणूस ठणठणीत असतो. बाधितांपैकी सुमारे २० ते ३० टक्क्यांना कालांतराने हृदयविकार जडतो : ठोके अनियमित होतात, हृदय फुगते, रक्ताच्या गुठळीमुळे पक्षाघात होतो, कधी अचानक मृत्यू येतो. सुमारे १० टक्क्यांची अन्ननलिका किंवा मोठे आतडे फुगून निकामी होते.

या वर्णनातच प्रशिक्षणाची मुख्य अडचण आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला चागस म्हटले की एक चित्र आठवते : एका डोळ्याची पापणी सुजलेले मूल. हे रोमान्या चिन्ह परीक्षेत हमखास विचारले जाते आणि उत्तरही हमखास बरोबर येते. प्रत्यक्षात कीटक चावलेल्यांपैकी निम्म्यांहून कमी लोकांत असे काही दृश्य चिन्ह उमटते आणि तेही काही आठवड्यांत जाते. शहरातल्या दवाखान्यात येणारा चागसचा रुग्ण म्हणजे पन्नाशीतला, चक्कर येऊन पडलेला, ‘राइट बंडल ब्रँच ब्लॉक’ (हृदयाच्या विद्युतसंदेशाच्या उजव्या वाटेतला अडथळा) दाखवणारा ईसीजी हाती असलेला माणूस, नाहीतर प्रसूतीसाठी नाव नोंदवायला आलेली पूर्ण निरोगी दिसणारी बाई. पाठ केलेल्या चित्राशी यांतले कोणीच जुळत नाही. त्यामुळे या विषयातले चांगले प्रशिक्षण कीटकाच्या जीवनचक्रापेक्षा दवाखान्यातल्या चार प्रश्नांवर जास्त वेळ घालवते.

इतिहास : डॉक्टरांची नजर ठरीव चित्राने बांधली जाण्याचा प्रकार या रोगाच्या शोधाइतकाच जुना आहे. ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात लासांस या गावी रेल्वेमार्गाच्या कामावरील मजुरांत मलेरिया पसरला होता. तो रोखण्यासाठी कार्लुस चागस हा तरुण डॉक्टर तिथे गेला. त्याला परजीवी आधी कीटकात सापडला आणि रोग नंतर. एप्रिल १९०९ मध्ये एका दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात त्याने तो पाहिला. परजीवीला त्याने आपले गुरू ओस्वाल्दु क्रूझ यांचे नाव दिले. वाहक, परजीवी आणि रोग हे तिन्ही एकाच माणसाने शोधल्याचे उदाहरण विरळा. पण त्या भागात गलगंडही फार होता आणि चागसने तो याच रोगाचे लक्षण मानला. पुढे अर्जेंटिनात रुडॉल्फ क्राउस व त्यांच्या सहकाऱ्यांना कीटक बाधित सापडले, पण चागसने वर्णिलेला रोग सापडला नाही. साहजिकच रोगाच्या अस्तित्वाविषयीच शंका निघाली. १९२२-२३ मध्ये ब्राझीलच्या राष्ट्रीय वैद्यक अकादमीत यावरून कडाक्याचा वाद झाला. रोग खरा होता, वर्णनात भलतेच एक लक्षण घुसले होते आणि तेवढ्याने अनेक डॉक्टरांनी त्याकडे पाठ फिरवली.

ही पाठ पुन्हा वळवण्याचे श्रेय बऱ्याच अंशी अर्जेंटिनाच्या साल्वादोर मझ्झा (१८८६–१९४६) यांना जाते. उत्तरेकडील हुहुय येथे त्यांनी बुएनोस आइरेस विद्यापीठाच्या वतीने प्रादेशिक रोगांच्या अभ्यासाचे केंद्र उभारले. प्रयोगशाळा थाटलेला एक रेल्वेचा डबाच त्यांच्या दिमतीला होता. हा डबा गाडीला जोडून ते आडगावच्या स्थानकांवर जात, तिथल्या डॉक्टरांना गोळा करत, रक्ताचे नमुने कसे घ्यायचे व काचपट्टी कशी पाहायची हे हाताला धरून शिकवत. आजच्या भाषेत याला सेवांतर्गत प्रशिक्षण म्हणता येईल, पण एवढे चिवट प्रशिक्षण आजही क्वचितच पाहायला मिळते. मझ्झांचे सहकारी सेसिलियो रोमान्या यांनी १९३५ मध्ये पापणीच्या सुजेचे लक्षण वेगळे मांडले. त्याला रोमान्यांचे नाव देण्यावरून दोघांत बिनसले खरे, पण खेड्यातल्या डॉक्टरला नुसत्या डोळ्यांनी ओळखता येईल अशी खूण मिळाली आणि तीव्र रुग्णांची नोंद झपाट्याने वाढली. रोगाला मान्यता मिळवून देणारे हेच चिन्ह पुढे पाठ्यपुस्तकात एकटे उरले आणि दीर्घकालीन रुग्ण त्याच्या आड गेला. स्वतः चागस १९३४ मध्येच वारला होता.

रक्तपेढीचे पत्र : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बाधितांची संख्या सुमारे २,८०,००० ते ३,००,००० मानली जाते. त्यांतले बहुतेक लॅटिन अमेरिकेत जन्मलेले आहेत. तिथे दात्याच्या रक्तातील या संसर्गाच्या चाचणीला डिसेंबर २००६ मध्ये परवानगी मिळाली आणि २००७ च्या आरंभापासून मोठ्या रक्तपेढ्यांनी ती सुरू केली. परिणामी स्वतःला निरोगी समजणाऱ्या अनेक दात्यांच्या हाती एक पत्र पडले : तुमच्या रक्तात चागसच्या प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची) चाचणी होकारार्थी आली आहे, डॉक्टरांना भेटा. दाता ते पत्र घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे गेला आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणांत तिथल्या डॉक्टरांचे या रोगाविषयीचे ज्ञान तुटपुंजे असल्याचे दिसले. स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ त्यांत सर्वांत मागे होते आणि मातेकडून बाळाला लागण होते हेच त्यांतल्या बहुसंख्यांना माहीत नव्हते. त्यानंतर तिथल्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्राने, म्हणजे सीडीसीने, डॉक्टरांसाठी विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रम काढला. २०१८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने चागसच्या हृदयविकारावर सविस्तर निवेदन प्रसिद्ध केले. कॅलिफोर्नियातील ऑलिव्ह व्ह्यू–यूसीएलए रुग्णालयातले चागस केंद्र तर २००७ पासूनच रुग्णसेवेबरोबर इतर डॉक्टरांना शिकवण्याचे कामही करत आले आहे.

अभ्यासक्रम ऑनलाइन ठेवून भागत नाही, हे मात्र सांगितले पाहिजे. ज्या डॉक्टरला हा रोग आपल्या गिऱ्हाइकांत आहे असे वाटतच नाही, तो त्यावरचा पाठ कशाला उघडेल? त्यामुळे ज्या कामात डॉक्टर आधीच गुंतलेला आहे त्यात हा विषय घुसवणे अधिक फळते : हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेत, प्रसूतिपूर्व तपासणीच्या अर्जात, अवयवरोपणाच्या नियमावलीत. प्रश्नही साधे असतात. जन्म कुठे झाला, आईचे गाव कोणते? लहानपणी मातीच्या घरात राहिलात का? घरात कोणाला पेसमेकर बसवला आहे का, कोणी तरुणपणी अचानक गेले का? कीटकाचे चित्र किंवा काचेच्या डबीतला नमुना पुढे केला, तर रोगाचे नाव कधीही न ऐकलेला रुग्णही पटकन म्हणतो, ‘हा आमच्या भिंतीत असायचा.’

रोपणतज्ज्ञांना शिकवताना एका फसगतीवर भर दिला जातो. बाधित रुग्णाला हृदयरोपणानंतर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे मिळाली की झोपलेला परजीवी जागा होतो. हृदयाच्या स्नायूला सूज येते, आणि नव्या अवयवाचा शरीराकडून अस्वीकार झाला तरी चित्र असेच दिसते. अस्वीकार समजून तीच औषधे वाढवली, तर परजीवीला रान मोकळे मिळते. एचआयव्हीबाधितांत हाच परजीवी मेंदूत गाठ किंवा दाह निर्माण करतो आणि ती गाठ टॉक्सोप्लाझ्मोसिस या दुसऱ्याच परजीवीच्या रोगाची म्हणून खपून जाते.

ॲमेझॉनचे काचपट्टीवाचक : प्रशिक्षणाचा सर्वांत हुशार प्रयोग बहुधा ब्राझीलच्या ॲमेझॉन भागातला आहे. तिथे चागसची लागण घरातल्या कीटकापेक्षा तोंडावाटे जास्त होते. आसाई या ताडाच्या फळांबरोबर कीटक भरडला गेला की सारा रस दूषित होतो आणि एका घरातले बरेच जण एकदम तापाने पडतात. (अशी उदाहरणे शहरांतही आहेत. व्हेनेझुएलातील काराकास येथील एका शाळेत २००७ मध्ये दूषित पेरूच्या रसातून १०३ जणांना लागण झाली.) ॲमेझॉनमध्ये ताप म्हणजे मलेरिया असे गृहीत धरून गावोगावी सूक्ष्मदर्शकाशी बसलेले तंत्रज्ञ रक्ताचा जाड थर तपासतच असतात. त्यांनाच ट्रिपॅनोसोमा ओळखायला शिकवले गेले. नवे उपकरण नाही, नवी भरती नाही, सुईही एकदाच टोचायची. मलेरियाचा परजीवी शोधताना त्याच पट्टीवर वळलेल्या अळीसारखा, एका टोकाला गडद ठिपका असलेला जीव दिसला की कळवायचे. ही युक्ती अर्थात तीव्र अवस्थेपुरतीच चालते. दीर्घकालीन रुग्णाच्या रक्तात परजीवी इतका विरळ असतो की काचपट्टी कोरी निघते आणि ‘रोग नाही’ असा चुकीचा निर्वाळा दिला जातो.

म्हणून दीर्घकालीन निदान प्रतिपिंडांवर चालते आणि त्याचा नियम तंत्रज्ञ व डॉक्टर दोघांनाही पक्का करून द्यावा लागतो : वेगवेगळ्या तत्त्वांच्या दोन चाचण्या होकारार्थी हव्यात, दोघींत मतभेद झाला तर तिसरी. नवजात बाळाच्या रक्तात आईचे प्रतिपिंड असल्याने जन्मताच ही चाचणी निरुपयोगी ठरते. तेव्हा सूक्ष्मदर्शक किंवा पीसीआर वापरायचे आणि निकाल नकारार्थी आला तरी बाळ नऊ-दहा महिन्यांचे झाल्यावर प्रतिपिंडांसाठी पुन्हा बोलवायचे. ही दुसरी भेटच सर्वाधिक चुकते. लागण झालेल्या बाळाला पहिल्या वर्षात औषध मिळाले, तर ते जवळजवळ खात्रीने बरे होते. म्हणूनच स्पेनमधील कातालोनियाने २०१० पासून लॅटिन अमेरिकी गर्भवतींची तपासणी नेमाची केली. सर्व-अमेरिकी आरोग्य संघटनेनेही मातेकडून बाळाला होणारी एचआयव्ही, सिफिलिस व हिपॅटायटिस-बी यांची लागण रोखण्याच्या कार्यक्रमाला चागस जोडून दिला. सुईणीला चौथ्या नळीत रक्त घ्यायला शिकवणे हे वेगळा कार्यक्रम उभारण्यापेक्षा कितीतरी सोपे.

उपचार : औषधे दोनच, बेन्झनिडाझोल व निफर्टिमॉक्स, आणि दोन्ही साधारण ६० दिवस घ्यायची. पहिल्याने अंगावर पुरळ उठते व हातापायांना मुंग्या येतात, तर दुसऱ्याने भूक व झोप उडते, वजन घटते. गर्भवतीला दोन्ही वर्ज्य. अमेरिकेत बेन्झनिडाझोलला २०१७ मध्ये व निफर्टिमॉक्सला २०२० मध्ये, तीही मुलांपुरती, अधिकृत मान्यता मिळाली. त्याआधी डॉक्टरला ती सीडीसीकडून मागवावी लागत आणि ही वाटच अनेकांना ठाऊक नव्हती. मुले, नुकतीच लागण झालेले व पुढे गर्भधारणा होऊ शकेल अशा स्त्रिया यांना औषध द्यावे यावर दुमत नाही. बळावलेल्या हृदयविकारात मात्र आशा बेताची ठेवावी लागते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बेनिफिट’ चाचणीत २,८५४ रुग्णांपैकी औषध घेतलेल्यांच्या रक्तातील परजीवी घटले, पण हृदयाची घसरण म्हणावी तशी थांबली नाही. या निष्कर्षाचा अर्थ काही डॉक्टरांनी ‘मोठ्यांना औषध देऊ नये’ असा लावला. तो चुकीचा आहे, कारण चाचणीतले रुग्ण हृदय आधीच बिघडलेले होते. शिवाय उपचारानंतरही प्रतिपिंड वर्षानुवर्षे रक्तात राहतात. हे ठाऊक नसलेला डॉक्टर चाचणी पुन्हा करतो, होकारार्थी निकाल पाहतो आणि रुग्णाला औषध लागू पडले नाही असे सांगून घाबरवतो.

निदान सांगण्याची रीतही शिकवावी लागते. हा गरिबांच्या मातीच्या घरांचा रोग अशी त्याची ख्याती असल्याने रुग्ण तो लपवतात. अर्जेंटिनात नोकरीपूर्वी या रोगाची चाचणी करून उमेदवाराला डावलण्याची रीत होती. २००७ च्या २६,२८१ क्रमांकाच्या कायद्याने अशा चाचणीला बंदी केली. बोलिव्हियात, जिथे लागणीचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे, तेथील उपचार केंद्रांतही डॉक्टरांच्या जोडीने समुपदेशक व परिचारिका यांना तयार केले जाते.

टेक्सासमध्ये या रोगाची गाठ माणसांच्या डॉक्टरांपेक्षा पशुवैद्यांशी अधिक पडते, कारण तिथल्या कुत्र्यांत, लष्करी श्वानांतही, तो वारंवार सापडतो. २०१३ पासून त्या राज्यात माणसांतील रुग्णाची नोंद सक्तीची आहे. देशपातळीवर अशी सक्ती नाही. २०२५ मध्ये काही संशोधकांनी, देशातच लागण झालेल्या रुग्णांचा दाखला देत, चागस हा अमेरिकेतही स्थानिक रोग मानावा असे मांडले. ते मान्य केले तर तिथल्या डॉक्टरला शिकवलेली प्रश्नावलीही अपुरी पडेल. जन्म कुठे झाला हे विचारून न थांबता, टेक्सासमध्येच वाढलेल्या शिकाऱ्याला किंवा उघड्यावर झोपणाऱ्या माणसाला रात्री कुठे झोपता आणि कुत्रा आजारी आहे का, हेही विचारावे लागेल.