पहिला शब्द, दुसरा शब्द: फळांच्या स्वादाच्या रॉयबॉसची पार्श्वभूमी

डिसेंबर २०२५ च्या अखेरीस देशाच्या अन्नसुरक्षा नियामकाने एक खुलासा काढला. जे पेय चहाच्या झुडपापासून, म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिसपासून बनलेलं नाही, त्याच्या वेष्टनावर ‘टी’ हा शब्द वापरायचा नाही, दुसऱ्या शब्दाला जोडूनसुद्धा नाही. वापरलात तर ती ग्राहकाची दिशाभूल. उदाहरणादाखल जी नावं दिली होती त्यांत ‘हर्बल टी’ होतं, ‘फ्लॉवर टी’ होतं आणि ‘रॉयबॉस टी’ही होतं. रॉयबॉस म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या एका झुडपाच्या पत्तीचं लालसर पेय. ऑनलाइन विक्रेत्यांनाही तोच नियम.

बडोद्यात या खुलाशाने फार खळबळ माजली असं नाही. इथे रॉयबॉस पिणारी घरं मोजकीच. कुणाचा मुलगा जर्मनीहून येताना संत्र्याच्या स्वादाचं पाकीट आणतो, कुणाला संध्याकाळच्या चहाने झोप येत नाही म्हणून सून स्ट्रॉबेरीचा डबा मागवते, अलकापुरीतल्या एखाद्या कॅफेत पीच घातलेला थंड ग्लास मिळतो. पण ज्यांच्याकडे तो डबा आहे त्यांच्यात वाद मात्र झाला, कारण मुद्दा पाकिटापुरता नव्हता. या पेयाला हाक काय मारायची हा होता.

गंमत अशी की ‘रॉयबॉस टी’ या जोडनावातल्या पहिल्या शब्दावरून जगात तीस वर्षं भांडणं चालली. दुसऱ्या शब्दावरून कुणी फारसं भांडलं नव्हतं. ते आपल्याकडे झालं.

पहिल्या शब्दाची हकीकत आधी. ‘रॉयबॉस’ हा आफ्रिकान्स भाषेतला शब्द, अर्थ ‘लाल झुडूप’. झुडूप मुळात हिरवंच असतं. लाली येते ती कापून, ठेचून, ओलं करून ढिगात घातल्यावर. १९९४ साली अमेरिकेत एका कंपनीने हाच शब्द स्वतःचं व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेतला. म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्याने आपला माल आपल्याच भाषेतल्या नावाने अमेरिकेत विकायचा तर परवानगी कुणा तिसऱ्याची. हा दावा सुटायला २००५ उजाडलं. मग २०१३ मध्ये फ्रान्समध्ये एका कंपनीने तसाच प्रयत्न केला, तेव्हा दक्षिण आफ्रिकेने ठरवलं की दर वेळी वकील उभे करण्यापेक्षा शब्दालाच कुंपण घालावं. २०२१ मध्ये युरोपीय संघाने या नावाला मूळस्थानाचं संरक्षण दिलं, म्हणजे त्या प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावायचं. मधल्या काळात आणखी एक हिशेब चुकता झाला. या झुडपाचं ज्ञान मुळात खोई आणि सान या तिथल्या मूळ रहिवाशांचं, तर त्यांचा वाटा कुठे, हा प्रश्न २०१० पासून लावून धरला गेला आणि २०१९ मध्ये करार झाला. शेतावरच्या भावाच्या दीड टक्का रक्कम त्या समाजांसाठी. हा आकडा पुरेसा आहे की नुसती तोंडाला पुसलेली पानं, यावर तिथे दोन मतं आहेत. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं.

आपल्याकडे या पहिल्या शब्दाचं हसंच जास्त झालं. इंग्रजी स्पेलिंग वाचून लोक ‘रुईबॉस’ म्हणतात, आणि मराठी कानाला रुई म्हटलं की मारुतीच्या गळ्यातली माळ आठवते, नाहीतर डोळ्यात जाऊ नये म्हणून जपायचा तो चीक. ‘रुईचा चहा’ प्यायला कोण तयार होईल? उच्चार रॉयबॉस. दोघांचा काही संबंध नाही. रॉयबॉस शेंगवर्गातला आहे, म्हणजे तूर-मुगाचा दूरचा भाऊबंद. (त्यावरून लगेच पुढचा प्रश्न येतो: उपासाला चालेल का? शेंगदाणा चालतो ना, मग विषय संपला.)

आता दुसरा शब्द. नियामकाचं म्हणणं समजण्यासारखं आहे. भारतात चहाच्या व्याख्या ठरलेल्या आहेत, कांगडा चहा आणि ग्रीन टी धरून, आणि त्या सगळ्या एकाच झुडपाकडे जातात. आसाम-दार्जिलिंगच्या मळेवाल्याने एका पानासाठी आयुष्य घालवायचं आणि शेजारच्या फळीवर वाळक्या सफरचंदाच्या फोडी ‘टी’ म्हणून दुप्पट भावाने विकायच्या, याचा राग येणं साहजिक आहे. त्याच नियामकाने २०२१ मध्ये सोया-बदामाच्या पेयांना ‘दूध’ म्हणण्यावर हरकत घेतली होती, तेव्हाही तर्क हाच होता.

पण मराठीत बोलायला लागलं की तर्क अडखळतो. आपण पिढ्यान् पिढ्या गवती चहा म्हणत आलो आहोत. त्या पातीचा कॅमेलियाशी काय संबंध? काहीच नाही. ती कुठल्या कंपनीने दिलेली जाहिरातीची संज्ञा नव्हे, परसदारातला शब्द आहे. आणि बडोद्यात तर हे दोन भाषांतून येतं. खंडेराव मार्केटला भाजीवालीकडे मराठी बाई ‘गवती चहा’ मागते, गुजराती बाई ‘लीली चा’ मागते, दोघींना तीच जुडी मिळते, बहुतेक वेळा पुदिन्याच्या काड्यांसकट. ‘हिरवा चहा’ असं ज्या पातीला गुजरातीत सरळ म्हणतात तिला नियमाच्या भाषेत कुठे बसवणार? अर्थात सुट्या जुडीवर लेबल नसतं, त्यामुळे नियम तिला लागू नाही. लागू होतो तो तीच पाती वाळवून डबीत घातली की. हे मला पटत नाही, पण असं आहे खरं.

मग ‘चहा’ नाही तर काय? बहुतेक जण चटकन म्हणतात, ‘काढा’. माझ्या मते ही त्याहून मोठी चूक आहे, आणि ती नुसत्या शब्दाची नाही. काढा म्हणजे उकळून आटवलेला. आपल्या वैद्यकात पाच कृती वेगळ्या सांगितल्या आहेत: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. क्वाथ तो काढा. कढत पाणी ओतून, झाकून, गाळून घ्यायचा तो फांट. रात्रभर गार पाण्यात भिजवून सकाळी घ्यायचा तो हिम. रॉयबॉसची पिशवी कपात टाकून वर उकळतं पाणी ओतता तेव्हा तुम्ही फांट करता, आणि उन्हाळ्यात बाटलीत घालून फ्रिजमध्ये ठेवता तेव्हा हिम. शब्द तयार होता, फक्त वापरातून गेला होता. ‘स्ट्रॉबेरी फांट’ हे कानाला विचित्र लागतं, कबूल. पण या शहराने १९३१ मध्ये राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश छापला होता, एकेका इंग्रजी शब्दापुढे मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी पर्याय मांडून. एका पेयाला नाव शोधणं इथे जड जाऊ नये.

एवढा काथ्याकूट नावासाठी का, तर नावावरून कृती ठरते. आमच्याकडे पहिला डबा आला तेव्हा सासूबाईंनी त्यावर ‘टी’ वाचलं आणि जे करायचं तेच केलं. पातेल्यात पाणी, आलं, साखर, दोन चमचे पत्ती, आणि उकळी आल्यावर दूध. दूध फाटलं. डबा फेकायची वेळ आली होती. दोष ना रॉयबॉसचा होता ना त्यांचा. नुसत्या रॉयबॉसमध्ये दूध चांगलं मिळतं; दक्षिण आफ्रिकेत तो दूध-साखर घालूनच घरोघर पितात. फाडणारा होता त्यातला आंबट भाग. फळांच्या स्वादाच्या बहुतेक मिश्रणांत ‘हिबिस्कस’ असतं, आणि ते गणपतीला वाहायचं जास्वंद नव्हे. ती लाल अंबाडीची बोंडं. अंबाडीच्या भाजीला डाळ-कण्या आणि गूळ का घालावे लागतात हे ज्याला माहीत आहे त्याला दूध का फाटलं हे सांगावं लागणार नाही.

फळांचा स्वाद हा प्रकार या पेयाच्या इतिहासात अगदी अलीकडचा. त्याआधीचं थोडक्यात. केपटाउनच्या उत्तरेला सीडरबर्गचे डोंगर आहेत. व्यापारी लागवड तिथल्याच पट्ट्यात होते. १७७२ साली एका स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने स्थानिक लोक असं पेय पितात ही नोंद केली असं पाकिटांवर छापलेलं असतं; त्याने पाहिलेलं झुडूप हेच की याची जातभाई, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. १९०४ मध्ये रशियातून आलेल्या एका व्यापाऱ्याने डोंगरातल्या लोकांकडून माल घेऊन विकायला सुरुवात केली. १९३० च्या दशकात तिथल्या एका डॉक्टरने बी रुजवण्याची युक्ती शोधली. बी इतकं बारीक, आणि शेंग फुटून इतकं दूर उडणारं, की एका बाईने ते मुंग्यांच्या वारुळातून गोळा केलं असं सांगतात. दुसऱ्या महायुद्धात आशियातला चहा मिळेना तेव्हा भाव चढला, युद्ध संपताच कोसळला, शेतकऱ्यांनी १९४८ मध्ये सहकारी संस्था काढली आणि १९५४ मध्ये सरकारी नियंत्रण मंडळ आलं. ते १९९३ पर्यंत टिकलं. मधे १९६८ मध्ये एका आईला आपल्या रडक्या तान्ह्या बाळाला यानेच आराम पडतो असं आढळलं, आणि ‘औषधी पेय’ हा शिक्का तिथून घट्ट बसला.

वर्णभेदाची राजवट आणि तिच्यामुळे आलेले निर्बंध संपल्यावर निर्यात खुली झाली. मोठं गिऱ्हाईक जर्मनी. तिथल्या व्यापाऱ्यांना एक गोष्ट पटकन कळली: यात तुरटपणा आणणारं टॅनिन कमी, कॅफिन नाही, कडवटपणा जवळजवळ नाही, म्हणजे वर चढवाल तो स्वाद दिसतो. काळ्या चहावर स्ट्रॉबेरी चढवली तर तुरटपणाशी तिची मारामारी होते. रॉयबॉसवर ती निवांत बसते. व्हॅनिला आणि कॅरॅमल तिथे लोकप्रिय झाले आणि त्यांच्या मागोमाग संत्रं, पीच, बेरी.

हे करतात कसं, ते एकदा कळलं की डबा निवडणं सोपं जातं. सुक्या पत्तीवर स्वादाचं द्रव्य फवारून ती फिरत्या पिंपात घोळवतात. डब्यात दिसणारे स्ट्रॉबेरीचे गुलाबी तुकडे बहुतांशी डोळ्यांसाठी. कपात उतरणारी स्ट्रॉबेरी त्या फवाऱ्यातली. संत्र्याची साल मात्र खरंच काही देते, कारण सालीतलं तेल टिकाऊ. म्हणून नवख्याने संत्र्यापासून सुरुवात करावी. आणि डबा हिंगाच्या, मसाल्याच्या फळीवर ठेवू नये. ज्या गुणाने ही पत्ती स्ट्रॉबेरी धरते त्याच गुणाने ती हिंगही धरते. पावसाळ्यात तर झाकण नीट लावलेलंच बरं.

चव घेण्याची पद्धत सांगते. आधी बिनस्वादाचा रॉयबॉस प्यायला हवा. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये याच्या चवींचं चक्र बनवलं. त्यात चांगल्या बाजूला मध, लाकूड, रानफुलं, कॅरॅमल, जर्दाळूच्या मुरांब्यासारखा गोडवा; वाईट बाजूला वाळलं गवत, हिरवट वास, कुबट वास. आपल्या जिभेला मी असं भाषांतर करते: चांगला असेल तर काकवी आणि सुताराच्या दुकानातला ताजा भुसा, वाईट असेल तर भिजलेलं गोणपाट. स्वाद चढवलेल्या डब्यात हे गोणपाट लपवलेलं असू शकतं, म्हणून कप अर्धा गार होईपर्यंत थांबायचं. फळाचा वास गरम असताना आधी उडतो, खाली काय आहे ते नंतर कळतं. बशीत ओतून प्यायलात तर आणखी लवकर. आणि भुरका मारायचा. लहानपणी ज्याबद्दल धपाटे खाल्ले तो भुरका चव घेणाऱ्यांच्या धंद्यात रीतसर आहे; हवेबरोबर वास नाकात मागून चढतो.

करायची रीत. दोनशे मिली पाण्याला अडीच ग्रॅम पत्ती, म्हणजे मोठा चमचा सपाट भरून. पाणी खळखळ उकळतं हवं. ग्रीन टीसाठी गार करायची सवय इथे विसरायची. (न आंबवलेला हिरवा रॉयबॉस निघालाय, त्याला पाणी थोडं निववून घ्यावं.) झाकून सहा-सात मिनिटं. तीन मिनिटांत काढलात तर नुसतं रंगीत पाणी मिळतं, आणि ‘याला चवच नाही’ म्हणणारे बहुतेक तीन मिनिटंवालेच असतात. जास्त राहिला तरी कडू होत नाही. केपकडे किटली दिवसभर चुलीवर असायची. पण तो नुसता रॉयबॉस. फळांचा असेल तर उकळू नये, वास वाफेबरोबर जातो आणि अंबाडीचा आंबटपणा तेवढा मागे राहतो. बोअरच्या जड पाण्यात रंग मळकट आणि चव बोथट येते. आजवा तलावाचं नळाने येणारं पाणी बरं. साखर घालायचीच तर अर्धा चमचा, फळ उठून दिसायला. गूळ नको, रॉयबॉसच्या स्वतःच्या काकवीवर तो बसतो.

मे महिन्यात मात्र हिमच. बडोद्यात पारा बेचाळिसाच्या वर गेला की गरम कप कुणाला नको असतो. लिटरभर पाण्याला बारा ग्रॅम, रात्री फ्रिजमध्ये, सकाळी गाळायचा. बर्फ घालायचा असेल तर पत्ती वाढवायची. पीच आणि लाल बेरी या रीतीने सगळ्यात चांगल्या लागतात. सासूबाई त्यात गवती चहाची एक पात चुरडून टाकतात. डब्यावर अजून जुनं लेबल आहे, त्यावरचा दुसरा शब्द त्यांनी खोडलेला नाही, आणि गाळणी मागताना त्या म्हणतात, “तो लाल चहा गाळायचाय ना?”