दाताखालचा दाणा आणि १४५० चा खड्डा

सोयाबीनची मळणी झाली की आमचे बाबा वावरातच चार दाणे दाताखाली धरतात. कट्ट वाजला तर माल वाळला. दाणा नुसताच दबला तर अजून दोन उन्हं दाखवायची. बाजार समितीत मात्र आकडा लागतो. ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की भाव तुटतो, आणि कास्तकाराचा जीव त्या आकड्यात अडकतो. तो आकडा येतो कुठून, हे म्हणूनच मला समजून घ्यायचं होतं.

बाजारातलं हातमीटर बहुधा विजेवर मोजतं. प्रयोगशाळेतलं यंत्र दाण्यांवर अवरक्त प्रकाश टाकतं, म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा. कोणत्या तरंगलांबीचा, म्हणजे लाटेच्या लांबीचा, प्रकाश किती परत आला याचा आलेख काढला की १४५० आणि १९४० नॅनोमीटरजवळ (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) खोल खड्डे दिसतात, ९७० जवळ उथळ. तिथला प्रकाश पाण्यानं गिळलेला असतो.

पाण्याच्या रेणूत एका ऑक्सिजनला दोन हायड्रोजन जोडलेले असतात, जणू स्प्रिंगांनी. या स्प्रिंगा ताणतात, आखडतात. त्यांच्यातला कोनही मिटतो, उघडतो. १४५० ला प्रकाश एका दमात ताणण्याची दोन कंपनं जागी करतो, १९४० ला एक ताणण्याचं आणि एक कोनाचं. ९७० ला तीन ताणकंपनं एकदम जागी व्हावी लागतात. ते क्वचित जमतं, म्हणून तो खड्डा उथळ. पण त्याचाच फायदा आहे: तिथला प्रकाश दाण्यात खोलवर शिरतो, १९४० चा वरच्या थरातच संपतो.

खड्डा दिसला की पाणीच, असं मात्र धरू नये. १२०० जवळ पाणी शोषतं, आणि तेलातले कार्बन-हायड्रोजन बंधही. सोयाबीनमध्ये तेल सुमारे २० टक्के! म्हणून भट्टीत वाळवून, वजन करून ओलावा काढलेल्या पुष्कळ नमुन्यांवर यंत्र आधी जुळवून घ्यावं लागतं.

मला सर्वात मोलाची वाटते ती खड्ड्याची जागा. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. ती पकड घट्ट असली की स्प्रिंग सैल पडते आणि खड्डा लांब तरंगलांबीकडे सरकतो. पाणी तापलं की पकड सुटते, खड्डा उलटा सरकतो. दुपारच्या उन्हात ट्रॉलीत तापलेला दाणा आणि पहाटेचा गार दाणा, दोन्हींत पाणी तेवढंच असलं तरी आलेख वेगळा येतो. यंत्र जुळवताना तापमान हिशेबात धरलेलं नसेल तर आकडाही चुकतो. तसं असेल तर नमुना आधी सावलीत निवू द्यावा, मगच यंत्राच्या कपमध्ये भरावा.