दबलेला मणका आणि सिमेंटचा आधार

पाठीचा मणका मोडण्यासाठी अपघातच व्हावा लागतो असे नाही. ऑस्टिओपोरोसिसमुळे, म्हणजे हाडे ठिसूळ करणाऱ्या आजारामुळे, आतून विरळ झालेला मणका जड वस्तू उचलताना, खोकल्याची उबळ आल्यावर किंवा खुर्चीत जरा आदळून बसल्यावरही दबतो. त्याचा पुढचा भाग चेपतो, मागची भिंत बहुधा शाबूत राहते आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये चौकोनी मणका पाचरीच्या आकाराचा दिसू लागतो. बरगड्यांमुळे ताठ असलेला छातीमागचा कणा जिथे संपतो आणि कमरेचा लवचीक कणा सुरू होतो, तिथले मणके सर्वांत जास्त वेळा दबतात. अशा अस्थिभंगांपैकी सुमारे दोन तृतीयांशांचे वेळेवर निदानच होत नाही. दुखणे वयाच्या खात्यावर मांडले जाते आणि उंची घटल्याचे किंवा पाठीला पोक आल्याचे पुढे कधीतरी लक्षात येते.

बहुतेक मणके 6 ते 12 आठवड्यांत आपोआप भरून येतात. तोवर वेदनाशामक औषधे, काही दिवसांपुरता पट्टा आणि गरजेपुरती विश्रांती एवढ्यावर भागते. गरजेपुरती असे मुद्दाम म्हटले, कारण अंथरुणावर पडून राहिल्याने हाडे आणि स्नायू आणखी दुबळे होतात, आणि मूळ आजारच बळावतो. मात्र औषधे घेऊनही कूस बदलता येत नसेल, तर कमीत कमी छेद घेऊन मणक्यात सिमेंटसारखा कडक होणारा पदार्थ भरण्याच्या उपचारांचा विचार होतो. त्याआधी एमआरआय महत्त्वाचा असतो. मणक्याच्या आत सूज दिसली तर अस्थिभंग ताजा आहे असे समजतात. जुन्या, भरून आलेल्या मणक्यात सिमेंट भरून काही साधत नाही.

या उपचारांपैकी पहिला, व्हर्टिब्रोप्लास्टी, फ्रान्समधील आमियाँ येथे 1984 मध्ये गालिबेर आणि देरामाँ या डॉक्टरांनी केला. त्यांच्या रुग्णाला ऑस्टिओपोरोसिस नव्हता, तर मानेचा दुसरा मणका रक्तवाहिन्यांच्या गाठीने पोखरला होता. आज रुग्णाला पालथे झोपवून बहुधा स्थानिक भूल आणि गुंगीचे औषध देतात, क्ष-किरणांच्या चालत्या चित्रावर नजर ठेवून मणक्याच्या मागच्या हाडातून सुई आत नेतात आणि काही मिलिलिटर बोन सिमेंट सोडतात. ते क्ष-किरणांत दिसावे म्हणून त्यात बेरियम सल्फेट मिसळलेले असते, आणि काही मिनिटांत ते तापत तापत कडक होते. कायफोप्लास्टीत आधी छोटा फुगा फुगवून मणक्याची उंची शक्य तितकी परत मिळवतात आणि तयार झालेल्या पोकळीत घट्टसर सिमेंट भरतात. दोन्हींत सिमेंट बाहेर झिरपू शकते. बहुतेक वेळा त्याचा त्रास होत नाही, पण ते मज्जारज्जूच्या दिशेने किंवा शिरांमार्गे फुप्फुसात गेले तर गंभीर परिणाम होतात.

या उपचाराचा खरा उपयोग किती, यावर मात्र एकमत नाही. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत काही रुग्णांवर उपचाराचे केवळ सोंग करण्यात आले. भूल दिली, पाठीवर दाब दिला, खोलीत सिमेंटचा वासही पसरू दिला, फक्त सिमेंट भरले नाही. दोन्ही गटांचे दुखणे जवळपास सारखेच कमी झाले. 2016 मध्ये ऑस्ट्रेलियातील चाचणीत सहा आठवड्यांच्या आतले अस्थिभंग आणि तीव्र वेदना असलेले रुग्ण निवडले, तेव्हा सिमेंटचा फायदा दिसला. पण 2018 च्या डच चाचणीत तो पुन्हा दिसला नाही. त्यामुळे प्रत्येक दबलेल्या मणक्यात सिमेंट भरावे असे म्हणणे मला पटत नाही. अस्थिभंग ताजा आहे, वेदना असह्य आहेत आणि औषधे घेऊनही रुग्ण उठूच शकत नाही, अशा निवडक प्रसंगांपुरता हा पर्याय राखून ठेवणे सयुक्तिक वाटते.

उपचारानंतर रुग्णाला एक-दोन तास पाठीवर निजवतात, आणि बऱ्याच जणांना त्याच दिवशी चालवून घरी पाठवतात. ज्यांना उतार पडतो, त्यांना तो बहुधा दोन दिवसांत जाणवतो. खरी काळजी पुढे सुरू होते, कारण एक मणका दबल्यानंतर वर्षभरात साधारण पाचांपैकी एका रुग्णाचा दुसराही दबतो. कमरेतून वाकून वजन उचलणे टाळावे आणि व्यायाम पाठ मागे ताणणारे असावेत. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या स्त्रियांत नवे अस्थिभंग कितीतरी जास्त आढळल्याचे 1984 च्या एका छोट्या अभ्यासात दिसले होते. जोडीला हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी, कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व आणि हाडे बळकट करणारे औषध लागते. बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे काही वर्षांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवता येतात. दर सहा महिन्यांनी टोचल्या जाणाऱ्या डेनोसुमॅबचे तसे नाही. ते दुसऱ्या औषधाची सोय न करता बंद केले, तर हाडाची झीज एकदम वेग घेते आणि अनेक मणके एकापाठोपाठ दबू शकतात.