आळ बांगड्यावर

भाच्याचा रिपोर्ट आला. वय 11, वजन वयाच्या मानाने भलतंच, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 168, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 36, युरिक ॲसिड 6.4. गोव्यातल्या फोंड्याच्या घरात आळ लगेच बांगड्यावर आला. "मासे बंद!" आजीने फर्मावलं. लॅबने मात्र युरिक ॲसिडपुढे 'नॉर्मल' छापलं होतं, कारण मर्यादा लावलेली 7 ची, प्रौढ पुरुषांची. मुलांत साधारण 5.5 ओलांडलं की डॉक्टर सावध होतात.

युरिक ॲसिड म्हणजे मोठ्यांचंच दुखणं समजण्याची ही चूक जुनी आहे. चरकसंहितेत वातरक्ताचं (युरिक ॲसिड साचून सांधे धरणाऱ्या गाउटचं) एक नाव आढ्यवात, म्हणजे धनिकांचं दुखणं. आमच्याकडे भाटकारांचं, म्हणजे जमीनदारांचं, म्हणाले असते. 1776 मध्ये रसायनशास्त्रज्ञ शेले यांना मुतखड्यात युरिक ॲसिड सापडलं, 1848 मध्ये लंडनचे डॉक्टर गॅरड यांनी गाउटच्या रुग्णांच्या रक्तात ते वाढलेलं दाखवलं. पुढे शतकभर विषय राहिला मोठ्यांच्या पायाच्या अंगठ्याचा.

चरबीची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. अमेरिकेतल्या बोगालुसा गावात 1973 पासून मुलांचा पाठपुरावा सुरू झाला. त्यातल्या अकाली गेलेल्यांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे पट्टे आढळले. 1988 मध्ये अमेरिकेतले डॉक्टर रीव्हन यांनी वाढलेले ट्रायग्लिसराइड, घटलेलं एचडीएल आणि रक्तदाब शरीर इन्सुलिनला दाद न देण्याच्या एकाच सुतात ओवले. युरिक ॲसिड त्या माळेत मागाहून आलं.

दोन्ही वाटा यकृतात मिळतात. साखरेतलं फ्रुक्टोज तिथे भराभर फोडलं जातं, त्यात पेशीला ऊर्जा पुरवणारं एटीपी खर्ची पडतं आणि त्याच्या मोडतोडीतून युरिक ॲसिड निघतं. उरलेल्या फ्रुक्टोजची चरबी होऊन ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात उतरते. वर लठ्ठपणामुळे चढलेलं इन्सुलिन मूत्रपिंडाला युरिक ॲसिड बाहेर टाकू देत नाही. बांगड्यात प्युरिन असतं आणि त्याचंही युरिक ॲसिड होतं हे खरं, पण मासळी ट्रायग्लिसराइड चढवत नाही. फ्रिजच्या दारातल्या थंड पेयाच्या बाटलीकडे कुणाचं बोट गेलं नव्हतं.

2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या 5 ते 9 वर्षांच्या 34 टक्के मुलांचे ट्रायग्लिसराइड जास्त निघाले. युरिक ॲसिड या साऱ्या बिघाडाचं कारण की नुसता सोबती, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. 2008 मध्ये रक्तदाबाच्या 30 किशोरांवर युरिक ॲसिड उतरवणारं ॲलोप्युरिनॉल हे औषध वापरलं, तेव्हा दाब उतरला. तरी नुसत्या आकड्यासाठी मुलांना ते सहसा देत नाहीत. आधी वजन.

भाच्याच्या डॉक्टरांनी बाटली बंद केली. बांगडा ठेवला, तळलेला नव्हे, हुमणातला (नारळाच्या रश्श्यातला).