वैमानिकाच्या पदवीत जीवशास्त्र कुठून आले?

अमेरिकेतील एखाद्या महाविद्यालयाचा ‘प्रोफेशनल पायलट’ अभ्यासक्रम पाहिला, तर हवामानशास्त्र आणि उपकरणांच्या आधारे उड्डाण या विषयांच्या जोडीला प्रास्ताविक जीवशास्त्र, तेही अनेकदा प्रयोगशाळेसह, आढळते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी तिथे पदवीच लागत नाही, मग जीवशास्त्राची अट कुठली! तरीही हे दोन विषय एकत्र आले, त्याचे मूळ विमानविद्या विद्यापीठांत कशी शिरली यात आहे.

आरंभी उड्डाण शिकवण्याचे काम खासगी संस्था आणि लष्कर यांच्याकडेच होते. इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठाने 1934 मध्ये स्वतःचा विमानतळ सुरू केला, पण असे उदाहरण विरळाच. खरे वळण आले ते युरोपावर युद्धाचे सावट असताना, 27 डिसेंबर 1938 रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जाहीर केलेल्या नागरी वैमानिक प्रशिक्षण योजनेने. 13 महाविद्यालये आणि 330 विद्यार्थी एवढ्यावर तिची चाचणी झाली. वर्गातील शिकवणी महाविद्यालयाने घ्यायची, प्रत्यक्ष उड्डाण जवळच्या विमानतळावरील प्रशिक्षकाने शिकवायचे आणि खर्चाचा मोठा भार सरकारने उचलायचा, अशी तिची रचना होती. दहा मुलांमागे एका मुलीला प्रवेश मिळे. पुढे युद्धाच्या गरजेपुढे 1941 मध्ये ती दारे बंद झाली, ही या योजनेची दुखरी बाजू आहे. मात्र अलाबामातील टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेला याच योजनेत स्थान मिळाल्यामुळे कृष्णवर्णीय तरुणांना लष्करी विमानदलाचा मार्ग खुला होण्यास मोठा हातभार लागला. योजना 1944 मध्ये संपली तोवर चार लाखांहून अधिक जणांनी तिच्यात प्रशिक्षण घेतले होते.

युद्धानंतर परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च 1944 च्या कायद्याने सरकारने उचलला आणि विद्यापीठांत विमानविद्येचे विभाग उभे राहू लागले. नॉर्थ डकोटा विद्यापीठाचा आज नावाजलेला विभाग 1968 चा. पण विभाग विद्यापीठात आला की पदवीचे नियमही लागू होतात. विद्यार्थी कोणत्याही शाखेचा असो, त्याने भाषा, समाजशास्त्रे आणि एखादे निसर्गविज्ञान शिकलेच पाहिजे, हा सर्वसामान्य शिक्षणाचा आग्रह तिथे याच काळात बळावला होता. जीवशास्त्र आले ते या दाराने, विमानासाठी म्हणून नव्हे.

तरी ते उपरे ठरत नाही, असे माझे मत आहे. 15 एप्रिल 1875 रोजी फ्रान्समध्ये ‘झेनिथ’ नावाचा फुगा तिघांना घेऊन 8,000 मीटरच्या वर गेला. प्राणवायूच्या पिशव्या हाताशी होत्या, पण नळी तोंडाला लावावी म्हटले तर गास्तों तिसांदिए यांचा हातच हलेना. ते शुद्धीवर आले तेव्हा दोन्ही सहकारी गतप्राण झाले होते. उंचीवर हवेचा दाब घटतो, फुप्फुसांतून रक्तात पुरेसा प्राणवायू जात नाही आणि मेंदू मंदावत असताना माणसाला मात्र आपण ठीक आहोत असेच वाटत राहते. विसरण (वायूचे जास्त दाबाकडून कमी दाबाकडे पसरणे), हिमोग्लोबिन आणि पेशींचे श्वसन हे पहिल्याच सत्रातले धडे ज्याने नीट शिकले, त्याला हे पाठ करावे लागत नाही. आपल्याकडे वैमानिक होण्यासाठी वर्षानुवर्षे बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित एवढीच अट राहिल्याने जीवशास्त्र सोडताना कोणाला काही वाटले नाही.

पदवीचे मोल अलीकडे आणखी वाढले, त्याला एक अपघात कारण झाला. फेब्रुवारी 2009 मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळ प्रवासी विमान कोसळून 50 जण दगावले. त्यानंतर झालेल्या कायद्याला धरून 2013 पासून सहवैमानिकालाही साधारण 1,500 तासांच्या उड्डाणाची अट लागू झाली. पूर्वी 250 तास पुरत. त्या विमानातील दोन्ही वैमानिकांचे तास 1,500 च्या वरच होते, हे इथे नोंदवायला हवे. मान्यताप्राप्त संस्थेतून विमानविद्येची चार वर्षांची पदवी आणि त्या विषयाचे 60 क्रेडिट मिळवणाऱ्याला मात्र 1,000 तासांवर परवाना मिळू शकतो. प्रास्ताविक जीवशास्त्र सहसा त्या 60 मध्ये धरले जात नाही. पण जिथे ते पदवीसाठी सक्तीचे आहे, तिथे ते राहिले तर पदवी अडते आणि पदवीबरोबर ती 500 तासांची सवलतही.